कॅसेटवरची दुसरी मुलगी

त्या कॅसेटवर दोनच गाणी होती. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. तोवर आमच्याकडं कॅसेट म्हटली की आठ-दहा गाणी हवीतच, नाहीतर गिऱ्हाईक हातात घ्यायचं नाही. पण आमच्या कंपनीच्या मालकांनी कुठंतरी वाचलं होतं की परदेशात एकेक गाणं सुटं विकतात, आणि ते त्यांच्या डोक्यातून जाता जात नव्हतं.

"ताई, दोनच गानी," ते मला म्हणाले. "पन अशी, की मानूस टेप उलटी-पालटी करून तीच ऐकत बसंल."

कंपनी म्हणजे नगरला एस.टी. स्टँडजवळचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आणि त्याच्या मागची एक खोली. मालक एकटेच होते, वय चाळिशीचं. लग्नगीतं, भारुडं, भीमगीतं अशा कॅसेटी ते काढायचे आणि स्कूटरला पिशव्या लावून तालुक्या-तालुक्यातल्या दुकानांत स्वतः पोचवायचे. माझे वडील, आप्पा, शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावी प्राथमिक शिक्षक. त्यांच्या गायन पार्टीची भीमगीतंही या मालकांनी एकदा रेकॉर्ड केली होती. तेव्हा ते आमच्या घरी दोन दिवस राहिले होते, आईच्या हातची भाकरी आणि ठेचा मागून मागून खाल्ला होता. त्यामुळं मी त्यांना काका म्हणायची.

मी नगरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, मुलींच्या वसतिगृहात राहत होते. पॉलिटेक्निकमधल्या तीन मुलांनी बँड काढला होता: गिटार, ड्रम आणि एक जुना कीबोर्ड. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी त्यांच्या गाणाऱ्या मुलीचं गाणं घरच्यांनी बंद केलं आणि गिटारवाला मला शोधत आला, कारण कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं होतं. मला पॉप की काय ते माहीत नव्हतं. मला आप्पांच्या पार्टीत खड्या आवाजात गायची सवय. माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत शब्द गेला पाहिजे, हे आप्पांचं शिक्षण. त्या गिटारीवर तो आवाज बसला आणि हॉलमधली पोरं बाकांवर उभी राहिली. मालक तिथं साउंड सिस्टीम घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला दुकानावर बोलावलं.

रेकॉर्डिंग महिनाभर चाललं. मागच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या आणि पोती लावलेली. शेजारी पिठाची गिरणी, त्यामुळं गिरणीवाला दुपारी जेवायला गेला की आम्ही गायचो आणि तो आला की थांबायचो. एक गाणं एस.टी. चुकलेल्या मुलीचं होतं, दुसरं नुसतंच धांगडधिंग्याचं. दोन्ही गिटारवाल्यानं रचलेली. उकाड्यानं घामाघूम व्हायचो आम्ही, पंखा लावला तर त्याचा आवाज टेपवर यायचा. शेवटी मालकांनी ती टेप पुण्याला नेली आणि एका स्टुडिओतून सगळं नीट करून डिजिटल टेपवर घेऊन आले. परत आले ते एखादी लॉटरी लागल्यासारखे. "डिजिटल! आपल्या जिल्ह्यात पयली!" दुकानात येईल त्याला सांगत होते.

मग म्हणाले, "ताई, कव्हरसाठी एक चांगला फोटो द्या. आनि नाव कसं छापायचं ते लिहून द्या."

ही गोष्ट मी आप्पांना सांगितली तेव्हा ते स्वतः मला शेवगावच्या फोटो स्टुडिओत घेऊन गेले. आईची निळी साडी नेसून मी स्टुलावर बसले. मागं पडद्यावर कारंजं रंगवलेलं. आप्पा कॅमेऱ्याशेजारी उभे राहून सूचना देत होते, "फार हसू नकोस. गायिका वाटली पाहिजेस." कागदावर नावही त्यांनीच लिहून दिलं, त्यांच्या फळ्यावरच्या अक्षरात: माझं, त्यांचं, आडनाव.

परीक्षा संपून मी सुट्टीला गावी गेले. कॅसेट आल्याचा निरोप काही येईना. एक दिवस बाजाराला म्हणून मी आणि आप्पा शेवगावला गेलो. भाजीच्या ओळीच्या टोकाला एक कॅसेटवाला हातगाडीवर टेप लावून उभा असायचा. आम्ही अजून बरेच लांब होतो, आणि मला माझा आवाज ऐकू आला.

स्वतःचा आवाज असा रस्त्यात भेटला की काय होतं ते सांगता येत नाही. मी आप्पांचा दंडच धरला. त्यांनीही ओळखला होता. वांग्याच्या पाट्या, बायका, सायकली, सगळ्यांतून वाट काढत आम्ही जवळजवळ पळतच गाडीपाशी पोचलो.

"हे गाणं कुणाचं हो?" आप्पांनी विचारलं. त्यांना ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"नवी पोरगी हाय, गुरुजी. पुन्याची. लई चाललंय," असं म्हणत कॅसेटवाल्यानं डबी पुढं केली.

कव्हरवर मोठ्या लाल अक्षरात ‘डिजिटल’ होतं. त्याखाली एक मुलगी होती. गोरी, वेणी खांद्यावरून पुढं घेतलेली, हनुवटीखाली बोट ठेवलेली. खाली एकच नाव, नुसतं, आडनाव नसलेलं. ते माझं नव्हतं. आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं.

आप्पांनी खिशातून चष्मा काढला. डबी उलटी केली, सुलटी केली, आतला कागद बाहेर ओढून त्याच्या घड्या उलगडल्या. गिटारवाल्याचं नाव होतं, ड्रमवाल्याचं होतं, कीबोर्डवाल्याचं होतं. माझं कुठंच नव्हतं. टेपवर मी गातच होते.

"ही माझी मुलगी," आप्पा कॅसेटवाल्याला म्हणाले. "हे गाणं हिनं म्हटलंय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग कव्हरकडं पाहिलं. "असंल, गुरुजी," तो म्हणाला. वयस्क माणसाच्या शब्दाला मान द्यायचा म्हणून आपण बोलतो तसं.

मी तिथंच एक ओळ म्हणून दाखवली असती तर संपलं असतं. पण तो दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळला होता, आणि मला ते सुचलंच नाही. आम्ही बाजार न करताच परत फिरलो. स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत उभे राहिलो. मग हळूच, माझ्याकडं न बघता आप्पांनी विचारलं, "बाळ, तू नक्की गायली होतीस ना? का त्यांनी नंतर दुसरी कुणी आणली?"

कव्हरपेक्षा मला या प्रश्नाचा धक्का मोठा होता. ज्यांनी मला सूर शिकवला, ज्यांनी थोड्या वेळापूर्वीच माझा आवाज बाजाराच्या गोंगाटातून ओळखला, त्यांना एका छापील कागदानं शंकेत पाडलं होतं. मी म्हणाले, "आप्पा, मीच गायले." त्यांनी मान हलवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच नगरला गेले. दुकानात मालक होते आणि गिटारवालाही बसलेला होता. मी डबी काउंटरवर ठेवली.

"काका, ही कोण?"

मालकांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "बसा ताई, आधी पानी घ्या."

"पाणी नको. ही कोण आहे?"

"फोटोला काय हाय... तुमचा फोटो छपाईत डार्क येत हुता. प्रेसवाला म्हनला, उठाव न्हाई."

"आणि नाव? नावही डार्क येत होतं का?"

त्यांनी डबी उलटी करून ठेवली. मग आवाज खाली आणून, मला समजावावं तसं म्हणाले, "ताई, तुमी शिकलेल्या हायत, समजून घ्या. आडनाव वाचलं की दुकानदार विचारतो, ह्या भीमगीतवाल्या का? मग ती कॅसेट त्या फळीवर जाती. ही सगळ्यांत जायाची हाय."

"आमच्या आप्पांची कॅसेट तुम्हीच काढली होती ना?"

"ती येगळी. ती तुमच्या लोकांत जाती."

हा माणूस आमच्या घरी दोन दिवस जेवला होता. येताना आणि जाताना दाराशी वाकून ‘जय भीम’ म्हणाला होता, आणि ते खोटं नव्हतं, हे मला आजही वाटतं. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. दुकानातला माल कुठल्या फळीवर ठेवायचा हे सांगावं इतक्या साधेपणानं ते बोलत होते. मला वाटलं होतं मी भांडेन, पण मी नुसती बघत राहिले.

मग मी गिटारवाल्याकडं वळले. तो चपलांकडं पाहत होता.

"तुला माहीत होतं?"

त्यानं मान वर केली नाही. "छापायच्या आधी दाखवलं होतं काकांनी," तो म्हणाला. "मी म्हटलं, गाणं तर लोकांपर्यंत जाईल."

महिनाभर आम्ही एकाच माईकसमोर उभे होतो. एकाच डब्यातलं खाल्लं होतं. त्या दिवशी मी गावी परत कशी पोचले ते मला आठवत नाही.

कॉलेज सुरू झाल्यावर एका दुपारी रेक्टरबाईंनी निरोप पाठवला, भेटायला कुणी आलंय. मी खाली भेटीच्या खोलीत गेले आणि दारातच थबकले. बाकावर कव्हरवरची मुलगी बसली होती. तीच हनुवटी, तीच वेणी. फक्त डोळे रडून सुजलेले आणि शेजारी एक दणकट तरुण, तिचा थोरला भाऊ.

"तुमीच का गानं म्हनलेल्या?" तिनं उठून विचारलं.

"हो."

"मंग मला वाचवा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

ती मिरजगावची होती, बारावी झालेली. स्थळांना दाखवायला म्हणून तिच्या घरच्यांनी एका फोटो स्टुडिओत फोटो काढून घेतला होता. स्टुडिओवाल्यानं त्याची एक प्रत परस्पर आमच्या मालकांना दिली. तिला, तिच्या घरी, कुणालाच काही ठाऊक नव्हतं. श्रीगोंद्याकडचं एक स्थळ जमलं, बोलणी झाली, आणि साखरपुड्याच्या पंधरा दिवस आधी मुलाचे वडील दारात आले. हातात कॅसेट. तुमची मुलगी नाव बदलून पोरांच्या बँडात गाते हे लपवलंत, म्हणाले.

"मी किती सांगितलं, मी न्हाई ती. मंग ते म्हनले, गाऊन दाखव. मी शाळेतली कविता म्हनली. तर म्हनले, मुद्दाम भसाड्या आवाजात म्हनती." तिनं पदर डोळ्यांना लावला. "आता घरातबी कोन ऐकत न्हाई. आई म्हनती, खरं सांग, कवा गेल्तीस पुन्याला?"

भावानं दुकान शोधून काढून मालकांना गाठलं होतं आणि मालकांनी घाबरून माझा पत्ता दिला होता. आता त्यांचं एकच म्हणणं होतं: मी मिरजगावला येऊन त्या पाहुण्यांसमोर गावं.

इतके दिवस मी या चेहऱ्याचा मनातून राग राग केला होता. हिनं माझं काहीतरी नेलंय असं मला वाटत होतं. आणि इथं ती माझ्यासमोर उभी होती, माझ्या आवाजानं तिचं घर उठवलेलं. मी हो म्हणाले. दयेनं म्हणाले असं नाही. कुठंतरी, कुणासमोर तरी, हे गाणं माझं आहे हे सिद्ध व्हावं अशी मलाही भूक होती.

रविवारी मी आणि आप्पा मिरजगावला गेलो. आप्पा म्हणाले होते, "तू एकटी जायची नाहीस." हायवेच्या कडेनं थोडं आत गेल्यावर त्यांचं घर. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, मुलाचे वडील, त्याचे चुलते आणि तो मुलगा बसलेले. समोर टेपरेकॉर्डर ठेवलेला. तो ते श्रीगोंद्याहून घेऊन आले होते.

"गुरुजी, आडनाव काय आपलं?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

आप्पांनी सांगितलं. माझं पूर्ण नावही सांगितलं, सावकाश, हजेरी घेतल्यासारखं. मुलाच्या वडिलांनी चुलत्यांकडं पाहिलं. मग चुलत्यांनी बटण दाबलं. टेपवर मी एक कडवं गायले. त्यांनी टेप थांबवली आणि माझ्याकडं बोट केलं. मी तेच कडवं म्हटलं. परत टेप, परत मी. शाईचा ठसा अंगठ्याशी जुळवून पाहावा तसं त्यांनी माझा गळा जुळवून पाहिला. तिसऱ्यांदा मी गात असताना दारात शेजारच्या बाया गोळा झाल्या होत्या. साज नाही, ठेका नाही, तरी माझा आवाज लागला होता, आणि लाज वाटत असतानाच मला आतून बरंही वाटत होतं, हे लपवून उपयोग नाही.

"व्हय," मुलाचे वडील म्हणाले. "हाच गळा. शंका मिटली. मंग साखरपुडा ठरल्याप्रमानं."

तिच्या भावानं सुटकेचा श्वास सोडला. आईनं आतूनच हात जोडले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या चौकटीतून ती मुलगी म्हणाली, "न्हाई."

आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. ती दोन पावलं पुढं आली. आवाज स्वच्छ होता.

"मी मीच हाय, हे मी आठ दिस सांगत हुते. माझं कुनी ऐकलं न्हाई. लोखंडाच्या डबड्यानं सांगितल्यावर तुमाला पटलं. मला ह्या घरात जायचं न्हाई."

भाऊ ताडकन उठला, तिच्या अंगावर गेला. आप्पा मध्ये पडले. मुलाच्या वडिलांनी टेपरेकॉर्डर उचलला, कॅसेट त्यातच राहिली, आणि ती माणसं निघून गेली. तो मुलगा दारातून वळून एकदा तिच्याकडं पाहत राहिला. त्याला काही बोलायचं होतं असं मला वाटलं, पण चुलत्यांनी हाक मारली.

मी भिंतीला टेकून उभी होते. तिला वाचवायला आले होते, आणि माझ्या गाण्यानं काय होऊन बसलं ते मला कळेना. निघताना तिची आई माझ्याजवळ आली. मला वाटलं काही बरं बोलेल. ती म्हणाली, "तू आली नसतीस तर बरं झालं असतं, बाई."

गाडीत आप्पा मला म्हणाले, "मुलगी खरं बोलली." आणि मग बऱ्याच वेळानं, "मीही तुला विचारलं होतं. विचारायला नको होतं." मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

पुढं मालक स्वतः आमच्या गावी आले. मिरजगावच्या भावानं दुकानात येऊन दंगा केला होता, फोटो स्टुडिओवाल्याचीही बोबडी वळवली होती. उरलेल्या कॅसेटी मालकांनी दुकानांतून परत गोळा केल्या आणि नवं कव्हर छापलं. त्यावर कुणाचाच फोटो नव्हता. माझं नाव होतं, तीन शब्दांत, आप्पांनी लिहून दिलं होतं तसं. मालकांनी तो गठ्ठा आप्पांपुढं ठेवला.

आप्पांनी एक कव्हर उचलून वाचलं. "‘डिजिटल’ अजूनही नावापेक्षा मोठं आहे," ते म्हणाले, आणि आईला चहा टाकायला सांगितला. मी आतून बाहेर आले नाही. मालक बराच वेळ बसले, कप खाली ठेवला, दाराकडं बघून "येतो ताई" म्हणाले. नव्या कव्हरच्या कॅसेटी फारशा गेल्या नाहीत, ते गाणं तोवर लोकांच्या कानातून उतरलं होतं. मालकांनी पुन्हा पॉपच्या वाटेला जाणं सोडलं. लग्नगीतं काढत राहिले.

गिटारवाला दोनदा वसतिगृहाच्या फाटकापाशी आला. त्याच्याकडं नवीन गाणं होतं. "मी नाही म्हणून काय झालं असतं? काकांनी छापलंच असतं," तो म्हणाला. ते बहुधा खरं होतं. मी म्हणाले, "तू मला सांगायचं होतंस." गाणं चांगलं होतं, त्यानं फाटकाबाहेर उभं राहून गुणगुणलं होतं, आणि मला ते गायची फार इच्छा झाली होती. मी गायले नाही. बँड त्याच वर्षी मोडला.

मिरजगावच्या त्या मुलीशी मात्र माझा संबंध राहिला. घरात चार महिने तिच्याशी कुणी धड बोललं नाही. मग तिनं हट्टानं नर्सिंगला अर्ज केला आणि नगरला आली. रविवारी माझ्याकडं यायची. आम्ही बाजारात फिरायचो, उसाचा रस प्यायचो. कॅसेटच्या दुकानावरून जाताना दोघीही पावलं उचलायचो, पण त्यावर एकमेकींशी कधी बोललो नाही. पुढं तिला श्रीगोंद्याच्या एका दवाखान्यात नोकरी लागली, आणि तिथल्याच एका कंपाउंडरशी तिनं लग्न ठरवलं.

लग्नाला मी गेले होते. तोवर मी शाळेत शिकवायला लागले होते. पंगत बसली तेव्हा तिच्या आईनं मला हाताला धरून पहिल्या ओळीत, स्वतःच्या शेजारी बसवलं. वाढपी भात घेऊन आला, वरण घेऊन आला. ती माझ्या पानाकडं लक्ष ठेवून होती, काही कमी पडलं की वाढप्याला हाक मारत होती. जेवण अर्ध्यावर आल्यावर तिनं विचारलं, "गानं म्हनतीस का अजून?"

"म्हणते," मी सांगितलं. "पोरांना शिकवते."

"बरंय," ती म्हणाली, आणि माझ्या पानात आणखी एक जिलबी वाढायला लावली.